पिल्लू जगलं, पुढे काय?

मे महिन्यात गोव्यातल्या कुठल्याही गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक फोटो हमखास येतो. बुटांचा खोका, त्यात जुन्या लुगड्याचा तुकडा आणि त्यावर डोळे मिटलेलं, अंगावर धड पीस न आलेलं एक पिल्लू. खाली ओळ असते, ‘माडाखाली सापडलं. काय घालू?’ उत्तरं धडाधड येतात. कापसाने दूध पाजा. मऊ भात कुस्करून द्या. पाव भिजवून द्या. ग्लुकोजचं पाणी ड्रॉपरने सोडा. मग कोणीतरी वन्यजीव कायद्याचं कलम टाकतो आणि पिल्लू घरात ठेवणं गुन्हा असल्याचं बजावतो. कलम टाकणारा पुढे काय करायचं ते सांगत नाही, आणि दूध पाजायला सांगणारा दुसऱ्या दिवशी पिल्लू कसं आहे ते विचारत नाही.

या दोघांशीही माझं भांडण आहे. रानपाखराचं पिल्लू घरी वाढवू नये हे मला पूर्ण मान्य. त्याची कारणं कायद्याच्या पुस्तकापेक्षा पिल्लाच्या घशात आणि डोक्यात जास्त आहेत, ती पुढे येतीलच. पण मग त्याचं करायचं काय, याचं उत्तर गावातल्या माणसाला सहज सापडत नसेल तर नुसत्या मनाईने भागत नाही. लोक घरीच वाढवणार, गुपचूप वाढवणार आणि चुकीचं वाढवणार. म्हणून माझं म्हणणं असं की काही मोजक्या घरांना रीतसर शिकवून, त्यांची नोंद करून सरकारने हे काम त्यांच्याकडे सोपवावं. आणि त्यांचं काम मोजताना पिल्लू किती दिवस जगलं हे न विचारता ते रानात पक्ष्यासारखं राहू लागलं का, एवढंच विचारावं.

आधी ‘अनाथ’ कोण ते पाहू. खोक्यात येणाऱ्यांपैकी बरीचशी पिल्लं अनाथ नसतातच. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत घरटं सोडतात, आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नाही. शेपूट आखूड, चोचीच्या कडा अजून पिवळ्या, अंगावर पिसं मात्र पुरती. दयाळाचंही तसंच. जास्वंदीच्या कुंपणात, तुळशीवृंदावनाच्या मागे, पायरीवर ती उड्या मारत फिरतात आणि आईबाप चोचीत किडा धरून आसपासच असतात, तुम्ही हलायची वाट बघत. घरटं सोडल्यावरही हे भरवणं बरेच दिवस चालतं. काय खायचं, कोणाला भ्यायचं, मांजर दिसलं की कुठे दडायचं, हे सगळं ते याच दिवसांत शिकतं. अशा पिल्लाला उचलणं म्हणजे शाळेच्या दारातून मूल पळवून नेणं. ‘आम्ही अर्धा तास बघितलं, आई आलीच नाही,’ असं सांगणारे बहुधा पिल्लापासून चार हातांवर उभे राहून बघत असतात.

कोकिळेच्या पिल्लाच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. कोकिळा अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते पिल्लू घरट्याबाहेर पडतं तेव्हा आंब्याच्या खालच्या फांदीवर बसून, पंख थरथरवत, घसा फुटेस्तोवर ओरडत राहतं. खालून बघणाऱ्याला दिसतं ते इतकंच: वेगळ्याच रूपाचं एक भेदरलेलं पिल्लू आणि त्याच्यावर झुकलेले दोन कावळे. झालं, काठी आणा, कावळ्यांना हाकला, पिल्लाला आत घ्या. ज्यांना हाकललं ते त्याला भरवायला आलेले होते, हे शाळेतला धडा पाठ असूनही त्या क्षणी कोणाच्या डोक्यात येत नाही.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हाही एक पिढीजात समज. मुलांनी घरट्यात हात घालू नये यासाठी तो उपयोगी पडला असेल, पण खरा नाही. घरट्यातून पडलेलं, अजून पिसं न आलेलं पिल्लू उचलून परत ठेवता येतं. घरटं मोडलं असेल तर नारळाची करवंटी किंवा छोटी टोपली घ्यायची, तळाला पाणी निचरायला भोकं पाडायची, आत सुकं गवत घालून ती जुन्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, मांजराच्या आवाक्याबाहेर बांधायची. मग घरात जाऊन खिडकीतून बघायचं. पक्षी अनेकदा तिथे येऊन भरवू लागतात. गव्हाणी घुबडाचं पिल्लू असेल तर रात्रीपर्यंत दम धरावा लागतो, कारण त्याचे आईबाप दिवसा येणारच नाहीत. हा उपाय बिनखर्चाचा आहे. पण खोक्यातल्या पिल्लाला हाताने भरवण्यात जे सुख आहे ते यात नाही, म्हणून तो फारसा कोणी करत नाही, असा माझा कयास आहे.

खरे अनाथ असतात, आणि त्यातले बरेच आपण करतो. पावसाळ्याआधीची गोव्यातली लगबग आठवा. पाडेली माडावर चढून सुकी चुडतं खाली टाकतो. जुन्या घरांची कौलं उतरवून परत बसवली जातात, फुटकी बदलली जातात. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटत माणसं रस्त्यारस्त्याने फिरतात. सगळी कामं एप्रिल-मेमध्ये, कारण जूनच्या सुरुवातीला पाऊस दाराशी उभा असतो. आणि इथल्या कितीतरी पक्ष्यांचा विणीचा हंगामही नेमका हाच. कौलांखालच्या अंधारात घुबड, वळचणीला पाकोळ्या, माडाच्या वठलेल्या पोकळ खोडात पोपट आणि साळुंक्या. दुपारभराच्या कामात यातलं काय काय खाली येतं ते मोजायला कोणी थांबत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं हेही शिकारीच्याच व्याख्येत बसवलं आहे. खोक्यात पिल्लू ठेवणाऱ्या बाईला कलम दाखवणारे फांद्या छाटणाऱ्या कंत्राटदाराला ते दाखवताना मला तरी दिसले नाहीत.

गोव्याचा वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा. त्यात दुरुस्ती करून २०१६ मध्ये तेव्हाच्या सरकारने माडाला झाडाच्या व्याख्येतूनच काढलं होतं. लोक रस्त्यावर आले, पुढच्या सरकारला माड परत आत घ्यावा लागला. त्या वादात जमिनीची, बांधकामांची, पाडेल्यांच्या टंचाईची भरपूर चर्चा झाली. माडाच्या खोडात बिऱ्हाड थाटणाऱ्यांचं नाव क्वचितच निघालं. छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकली, कौलं काढण्याआधी एकदा वळचणीत टॉर्च मारून बघितली, पिल्लं असतील तर तेवढा कोपरा दोन आठवडे सोडला, तर मेमधले कितीतरी खोके रिकामे राहतील. पंचायतीने एक परिपत्रक काढावं एवढंच हे काम आहे.

समजा हे सगळं करूनही एक पिल्लू तुमच्या हातात उरलं. कोणीतरी त्याला ड्रॉपरने पाणी पाजायला बसतं. पिल्लाने चोच वासली की जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनलिका. घशात म्हणून सोडलेला थेंब तिथे उतरतो, पिल्लू डोकं झटकतं, चोचीवर एक बुडबुडा येतो. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलं बिचारं. दुसऱ्या दिवशी खोका उघडावासा वाटत नाही. दुधाचं तसंच. दुधातली साखर पचवण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. आपल्या गोठ्यातला अमृतासारखा पदार्थ त्याला जुलाब लावतो. भाताने आणि पावाने पोट फुगतं, हाडं होत नाहीत. एरवी दाणे टिपणाऱ्या चिमण्यासुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतात, कारण त्या वयात प्रथिनं लागतात. घुबड रानात उंदीर हाडांसकट गिळतं. घरी प्रेमाने दिलेल्या नुसत्या खिम्यात कॅल्शियम नसतं आणि पिल्लाचे पाय फताडे होत जातात. पारव्याची पिल्लं तर चोच वासतच नाहीत. ती आईबापाच्या तोंडात चोच खुपसून, त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दह्यासारखं अन्न ओढून घेतात. त्यांच्यासमोर चिमट्यात अळी धरून बसलेला माणूस संध्याकाळी वैतागतो आणि पिल्लू उपाशी राहतं.

त्यातही आधी ऊब, मग अन्न. गारठलेल्या पिल्लाला घास पचत नाही, आणि पंख्याखाली ठेवलेलं पिसांविना पिल्लू गोव्याच्या उकाड्यातही गारठतं. हे सांगणारं माणूस त्या पन्नास उत्तरांत एखादंच असतं.

वेळेचा हिशेब कोणी करत नाही. मे महिन्यात आपल्याकडे उजेड साधारण १३ तास असतो. बुलबुलासारख्या पाखराच्या लहान पिल्लाला अर्ध्या तासाने एक घास म्हटला तरी दिवसाला २६ वेळा झालं. अगदी कोवळं असेल तर त्याहून जास्त. नोकरीवर जाणारा नवरा, शाळेच्या सुट्टीत हौसेने बसलेली मुलं आणि शेवटी सगळं जिच्या गळ्यात पडतं ती घरातली बाई, असं हे दर वेळी फिरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी हौस ओसरते, पिल्लाची भूक ओसरत नाही.

आणि तरीही काही जगतात. त्यांचंच मला जास्त वाटतं. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९३५ मध्ये दाखवलं की हंसांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं रूप समोर दिसेल त्यालाच आई मानतात. त्यांच्यासमोर लोरेंझ दिसले म्हणून ती लोरेंझ यांच्या मागे गेली. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरट्यात उघडीवाघडी जन्मणारी पिल्लं ही ओळख जरा उशिरा पक्की करतात, पण करतात. एकट्याने माणसांत वाढलेला दयाळ स्वतःला काय समजत असेल कोण जाणे. दयाळाचं गाणं जन्मजात येत नाही, ते मोठ्यांचं ऐकून शिकावं लागतं. फ्रिजच्या आवाजात आणि टीव्हीच्या मालिकांत वाढलेला नर रानात गेला तर हद्द सांगायला गाणार काय? अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डोर ही गिधाडं १९८० च्या दशकात दोन डझनांच्या आसपास उरली, तेव्हा त्यांची पिल्लं वाढवणाऱ्यांनी हातात गिधाडाच्या डोक्याची बाहुली चढवून भरवलं, पिल्लाला माणसाचं तोंड दिसू नये म्हणून. आपल्याकडे त्याच वयात पिल्लाला नाव ठेवतात आणि खांद्यावर बसवून सेल्फी काढतात.

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या सारसाची गोष्ट २०२३ मध्ये देशभर गाजली. तो पिल्लू नव्हता, जखमी मोठा पक्षी होता. एका शेतकऱ्याने त्याची शुश्रूषा केली आणि बरा झाल्यावर पक्षी त्याच्या मोटारसायकलच्या मागे उडू लागला. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले. मग वनखातं आलं, सारसाला अभयारण्यात नेलं, तिथून त्याची रवानगी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली, आणि शुश्रूषा करणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला. अर्धा देश त्या माणसाच्या बाजूने, अर्धा कायद्याच्या. मला वाटतं दोन्ही बाजू हरल्या. माणसाने जीव वाचवला, खात्याने कायदा पाळला, आणि शेवटी सारस होता पिंजऱ्यात. मधल्या काळात कोणी तरी त्या माणसाला ‘पक्षी बरा झाला, आता त्याला तुमची सवय मोडायला हवी, ती अशी मोडतात,’ एवढं सांगायला हवं होतं. ते सांगणारी व्यवस्थाच नव्हती.

पक्षीनिरीक्षक मित्र म्हणतात, बुलबुल काही संपत चाललेला नाही, एका पिल्लाने काय फरक पडतो? आकड्यांच्या भाषेत त्यांचं बरोबर आहे. लहान पक्ष्यांची निम्म्याहून जास्त पिल्लं वर्षभरात मरतात. दोन-चार वाचवून जात वाचत नाही. पक्षी वाचवायचे तर शेतं, खाडीकाठची खाजणं, सुपारीची कुळागरं, वठलेली झाडं वाचवायला हवीत, याबद्दल वाद नाही. पण त्याच दमात ‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ म्हणतात ते मला पटत नाही. पाळलेलं मांजर निसर्ग नव्हे. वीजवाहिनीसाठी तोडलेली फांदी निसर्ग नव्हे. जिथे हात आपला लागला आहे तिथे निस्तरायची जबाबदारीही आपली.

बाकी आपली दया निवडक असते हेही बोलून टाकू. पोपटाचं पिल्लू सापडलं की ते हमखास ‘अनाथ’ असतं आणि घरातच राहतं. कावळ्याचं पिल्लू कोणी खोक्यात घालत नाही. श्राद्धाच्या दिवशी पानापाशी यावं म्हणून ज्याला हाका मारतो तो एरवी हाकलायच्या लायकीचा. २०२२ ची दुरुस्ती येईपर्यंत कायद्यानेही कावळ्याला उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांत बसवलं होतं. त्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. घुबडाच्या पिल्लाला तर लोक दगड मारतात, वर ते लक्ष्मीचं वाहन. भाताच्या कणगीवरचे उंदीर जो पक्षी रात्रभर वेचतो त्याचं घरात तोंड बघायला आपण तयार नसतो.

आता व्यवस्थेबद्दल. कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे असा जीव ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. डोळे न उघडलेल्या पिल्लासाठी ४८ तास म्हणजे काय ते वर २६ घासांचा हिशेब केला त्यावरून समजेल. आणि कळवलं तरी पुढे? नाग, अजगर, मगर म्हटलं की माणसं येतात, यायलाच हवीत. बुलबुलाच्या पिल्लासाठी कोणी जीप काढावी अशी माझीही अपेक्षा नाही. बोंडल्याला प्राणिसंग्रहालय आहे, पण काणकोणहून तिथे पोचायला जवळपास दोन तास लागतात. पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असला तरी तिथल्या डॉक्टरांचं रोजचं काम गाई-म्हशी आणि कुत्रा-मांजराचं.

इंग्लंडमध्ये १९८१ चा वन्यजीव कायदा सामान्य माणसाला जखमी किंवा असहाय रानपक्षी शुश्रूषेसाठी घेऊ देतो, अट एकच, बरा झाला की सोडायचा. अमेरिकेत उलटं, तिथे १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली हे काम करायला परवाना लागतो. पण तो परवाना घेऊन घराच्या मागच्या अंगणात मोठे पिंजरे बांधून हे काम करणारे लोक तिथे गावोगाव आहेत. आपल्याकडे पहिली मोकळीक नको. पोपटाचा बाजार बघता ती परवडणार नाही. दुसरी वाट मात्र चालण्यासारखी आहे. गोव्यात १२ तालुके. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन घरं पुरेत. निवृत्त शिक्षिका, कुळागरात राहणारं कुटुंब, दिवसभर घरी असणारी आणि शिकायची तयारी असलेली माणसं. त्यांना कोणत्या पिल्लाला काय लागतं ते शिकवायचं, एक उघड्यावरचा, जाळीचा, माणसांपासून दूर बांधलेला पिंजरा द्यायचा, पिल्लं शक्यतो एकाच जातीची एकत्र वाढवायची, आणि सोडण्याआधी ती स्वतः किडा पकडतात का हे तपासायला वनखात्याचं माणूस यायचं. मानद वन्यजीव रक्षकांची तरतूद कायद्यात आधीच आहे, देखरेख त्यांच्याकडे देता येईल. ज्या घरात गावठी कोंबड्या आहेत ते घर वगळावं. २०२१ च्या सुरुवातीला अनेक राज्यांत कावळे बर्ड फ्लूने मेले तेव्हाची धावपळ आठवत असेल.

याचा गैरफायदा घेतला जाईल, असं म्हटलं जाईल. पोपटापुरती ही भीती खरी आहे. म्हणून पोपटाचं पिल्लू नोंदणीकृत घरातही ठेवायला देऊ नये, ते थेट खात्याकडेच जावं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर देशी पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरी सोप्यातला पोपट अजून ‘देवा, देवा’ म्हणतोच आहे आणि त्याच घरी पाहुणचार घेणारे त्याकडे कानाडोळा करतात. तिथे कायदा वापरावा. बुलबुलाच्या खोक्यावर नको.

एक गोष्ट उरते, ती या योजनेत सगळ्यांना नको असणार. काही पिल्लं सोडण्यासारखी होणारच नाहीत. पंख मोडलेला, पाय वाकलेला, माणसांवर इतका लोभावलेला की मांजरापुढेही बसून राहील असा. अशा वेळी आपण त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवतो आणि त्याला प्रेम म्हणतो, किंवा ‘सुटला’ म्हणून कुंपणापलीकडे सोडून देतो. काहींना इंजेक्शन देऊन शांतपणे मरू देणंच बरं असतं. पण हा निर्णय, वाढवणाऱ्या बाईवर किंवा तिच्या सुट्टीतल्या मुलांवर टाकता कामा नये. तो तालुक्याच्या पशुवैद्याने घ्यावा, कोणत्या अवस्थेत घ्यायचा याचे नियम आधी लेखी ठरवावेत, आणि नोंदवहीत सुटलेल्या पक्ष्यांसोबत त्यांचाही रकाना असावा.